माइकाचं तोंड कुणाकडं

आमच्या सास्तूरला प्रत्येक गोष्टीला तोंड असतं आणि ते कुणाकडं करायचं यावर गाव चालतं. पंगतीत पहिलं पान कुणापुढं, कारहुणवीच्या बैलसणाला वेशीतून पहिला बैल कुणाचा, पालखीचा पुढचा दांडा कुणाच्या खांद्यावर, हे ठरल्याशिवाय इथं काही हलत नाही. ठरल्यावर तर मुळीच हलत नाही, कारण ज्याच्या बाजूनं ठरलेलं नसतं तो आडवा पडलेला असतो. मी इथल्या सोसायटीचा सेक्रेटरी. माणसाचं जमा-नावे त्याच्या कपाळावर वाचायची मला सवय. तरीही माइकासारख्या निर्जीव वस्तूलाही गाव तोंड काढील, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही.

प्रकरण होतं बाळाच्या नावाचं.

आमच्या शेजारी एक लिंगायत घर आहे. दोघे भाऊ वारले, मागं दोन जावा उरल्या. थोरली शांताक्का आणि धाकटी महादेवी. एकदा मठातले स्वामी घरी आले आणि त्यांनी विभूतीचं बोट आधी महादेवीच्या कपाळाला लावलं. का, तर ती जवळ उभी होती. त्या बोटाची पुढं भिंत झाली. अंगणाच्या बरोबर मधून दगडी भिंत, दोन दारं, दोन चुली. पाच-सहा वर्षं दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. म्हणजे शब्द पोचायचे, पण भिंतीवरून, आणि ते मांजराला उद्देशून असायचे.

आता या घरचा रिवाज असा, की बाळाचं नाव पाळण्याच्या गाण्यातच ठेवायचं. गाणं दोघी जावांनी म्हणायचं, असं सासू घालून देऊन गेली. थोरलीची ओळ कन्नड, कारण तिचं माहेर आळंदकडचं. धाकटीची मराठी. एकीची ओळ संपते तिथून दुसरीनं उचलायची, आणि शेवटच्या कडव्यात नाव. ते गाणं झालं नाही तोवर त्या घरात मूल म्हणजे नुसतं ‘बाळ’.

शांताक्काची नात चन्नम्मा सोलापूरला दिलेली. नात शांताक्काची खरी, पण लहानपणी तिला कडेवर वागवलं महादेवीनं, कारण महादेवीला स्वतःचं मूलबाळ नव्हतं. चन्नम्माला मुलगा झाला. बाळंतपण अवघड, सोलापूरच्या दवाखान्यात झालेलं, डॉक्टरनं मोटारीचा प्रवास बंद केलेला. पुढं प्रवासाची मोकळीक मिळाली तरी बाळ सास्तूरला आणता येईना. आणलं तर आधी कुठल्या दारातून आत न्यायचं? आणि जावा सोलापूरला जातील म्हणावं, तर थोरली म्हणे, “ती मोटारीत चढली तर म्या उतरनार.” धाकटी म्हणे, “त्या उतरल्या तरच म्या चढनार.”

बाळ रांगायला लागायची वेळ आली तरी बिननावाचं. तेव्हा चन्नम्माचे सासरे शरणबसप्पा यांनी निरोप धाडला, की अमावास्येपर्यंत गाणं झालं तर ठीक, नाहीतर मी म्युनिसिपालटीत जाऊन मला सुचेल ते नाव लिहून येतो. आता त्यांना सुचणारी नावं कशी, तर घोड्याचं नाव बादशहा आणि थोरल्या नातवाचं कलेक्टर. या नातवासाठी ‘मामलेदार’ हे नाव त्यांनी राखून ठेवल्याची कुणकुण होती. चन्नम्मा रडून रडून अर्धी झाली होती.

मी सोसायटीच्या ओट्यावर बोलून गेलो, “त्यात काय? गाणं इथं टेपवर घ्या आणि तिकडं पाळण्यापाशी वाजवा.” सूचना करणारा माणूस आमच्याकडं आपोआप अध्यक्ष होतो. चार दिवसांत चन्नम्माचा नवरा गुरुलिंग माझ्या दारात हजर. तो सोलापुरात रेडिओ दुरुस्तीच्या आणि लाउडस्पीकरच्या दुकानात कामाला. त्यानं टेपरेकॉर्डर, एक भलंमोठं रीळ, मोटारीची बॅटरी, तिची वीज मशीनला चालेल अशी करून देणारा घरघरणारा एक डबा आणि कापडात गुंडाळलेला एक माइक माझ्या सोप्यात मांडला. माइक पेढ्याच्या डब्याएवढा, जाळीदार, एका बाजूला पितळेची छोटी पाटी.

“काका, ह्यो रिबन माइक हाय,” गुरुलिंग म्हणाला. “आत कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पट्टी हाय. फुंकर मारायची न्हाय. आडवा निजवायचा न्हाय. तोंडाला लावायचा न्हाय. आन ह्याची मागली बाजू जी हाय ना, ती—”

“गुरुलिंगराव,” मी म्हटलं, “मुक्तिदिनाच्या सभेला माइकाजवळ कोण उभं होतं?”

उभा मी होतो. पाहुण्यांच्या हातात हार द्यायला होतो, पण जवळ होतो हे खरं. जावईमाणूस, वडीलधाऱ्याला उलटून बोलावं कसं? तो दुपारच्या मोटारीनं परत गेला. त्याच्याबरोबर माइकाच्या मागल्या बाजूचं शास्त्रही सोलापूरला गेलं.

माझी पत्नी चारुशीला म्हणाली, “दोघींना आपल्या सोप्यात बसवणार? मग आधी मला येरमाळ्याला माहेरी पोचवा.”

मी म्हटलं, “एकत्र बसवायचं कारणच नाही. आधी थोरलीचं गाणं, मग धाकटीचं.”

पहिल्या दिवशी शांताक्का आली. नऊवारी चापून नेसलेली, कपाळभर विभूती. मी तिला पाटीसमोर बसवलं आणि मशीन सुरू केलं. तिनं माइकाकडं बघितलं, हात जोडले, पुढं सरकली, माइकाच्या एका अंगाला तळवा आडवा धरला आणि ओठ जाळीला टेकवून गाऊ लागली. नंदीच्या कानात नवस सांगतात, अगदी तसं! मी हातवारे केले, पण नवस सांगणारा डोळे उघडत नाही. वाजवून बघितलं तर पेटीतून म्हातारीचा आवाज येईचना. खोल विहिरीतून पोळ डरकाळ्या फोडतोय असा कन्नड पाळणा!

शांताक्का हबकली. “यव्वा! ह्यो कोन?”

“तुम्हीच.”

“म्या अशी?” ती उठून उभी राहिली. “मार्तंडराव, ह्यात नंदीच बोलतोय. लेकरू दचकून मरंल!”

तिला दीड हात लांब बसवलं. आवाज बाईमाणसाचा आला. पण पहिली ओळ म्हणून ती जी थांबली ती थांबलीच.

“पुढं?”

“पुढं तिची ओळ हाय.”

“तुमची पुढची म्हणा.”

“तिची आल्याबिगर माजी कशी निघंल? करवत एकीकडनंच वढता का तुमी?”

दुसऱ्या दिवशी महादेवीचा तोच अनुभव. तिला पहिली ओळच नव्हती, कारण सुरुवात थोरलीची. ती पाटीसमोर हात मांडीवर ठेवून सोप्यातली तुळई बघत बसली, आणि रीळ तिची शांतता काळजीपूर्वक नोंदवत राहिलं.

निश्चयाचा माणूस असल्यानं मी मधल्या ओळी स्वतः म्हणायचं ठरवलं. शांताक्कापुढं मी मराठी ओळ गायलो. तिनं शांतपणानं ऐकून घेतलं. “मार्तंडराव, लेकरू निजवायचंय. उठवायचं न्हाय.” महादेवीपुढं कन्नड ओळ गायलो. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, “ह्ये कन्नड हाय व्हय? मला वाटलं कुत्र्यानं हाडूक धरलंय.” माझं घराणं तुळजापूरचं, आरत्या आमच्या रक्तात. पण या बाबतीत मी गावाला क्षमा केली आहे.

तिसरा दिवस सरकारनं खाल्ला. बॅटरीचा घरघरणारा डबा गाण्यात येऊ नये म्हणून मी तो मागल्या गोठ्यात ठेवला होता आणि तिथून सोप्यापर्यंत वायर ओढली होती. चीनचं युद्ध होऊन फार दिवस झालेले नव्हते. पोलीस पाटील अंबादासराव वायरीला धरून गोठ्यातून सोप्यापर्यंत चालत आले.

“सेक्रेटरीसाहेब, बिनतारी यंत्र बाळगायला परवाना लागतो.”

“अहो, ही तार तुमच्या हातात आहे. मग बिनतारी कसं?”

“तेच तर. परवाना नसला की मानूस तार जोडूनच ठेवतो.”

या युक्तिवादाला उत्तर नसतं, चहा असतो. तीन कप चहा झाल्यावर अंबादासरावांनी अट घातली, की यंत्रावर प्रथम पोलीस पाटलाचा आवाज नोंदवावा, म्हणजे ते सरकारजमा झाल्यासारखं. रिळाच्या तोंडाशी त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव, हुद्दा आणि ‘जय हिंद’ असं तीनदा म्हटलं. त्यांना ते इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी ते गावातल्या चार मंडळींना घेऊन आले.

अमावास्या आता तोंडावर आलेली. मी दोन्ही दारांत जाऊन सांगितलं, “बोलू नका, बघू नका, पण एकत्र बसा. नाहीतर तुमचा पणतू जन्मभर मामलेदार म्हणून हाक ऐकेल आणि बढती कधीच मिळणार नाही.” दोघींचे चेहरे पडले. दोघी आल्या, एक पुढच्या दारानं, एक मागच्या. आणि माइकापाशी येऊन दोघी एकाच जागी थबकल्या. पाटीसमोर.

“तोंड हिकडं हाय,” शांताक्का मला म्हणाली. “थोरली म्या. म्या तोंडापुढं बसनार.”

“आन म्या काय ढुंगनामागं बसू?” महादेवी माझ्या मांजराला म्हणाली.

“शेजारी शेजारी बसा,” मी म्हटलं.

“खांद्याला खांदा लागतो.”

पलीकडच्या घरातली कोंडाबाई उंबऱ्यात तूर निवडत बसली होती. तूर माझ्या घरची नव्हती, तिची होती. निवडायला मात्र ती माझ्या घरी आणायची, कारण इथं करमणूक होती. ती म्हणाली, “आदी त्या माइकाची पूजा तरी केली का? बिगरपूजेचं यंत्र हाय, भांडनं लावनारच.” सल्ला देऊन ती थांबली नाही. तिनं घरून उदबत्ती आणली आणि विभूतीची चिमूट माइकाच्या जाळीवर चांगली चोळली. मग तिच्याच लक्षात आलं की जाळीत राख गेली. तिनं गाल फुगवले.

कांद्याचा पापुद्रा! मी झेप घेतली आणि माझं तोंड माइकाच्या आणि फुंकरीच्या मधे घातलं. सगळी विभूती माझ्या डोळ्यांत, नाकात आणि मिशीत. अंबादासराव म्हणाले, “सेक्रेटरीसाहेब, लिंगायत झालात की.” सोप्यात सगळे हसले. फक्त दोन जावा हसल्या नाहीत. म्हणजे हसल्या, पण एकमेकींना दिसू नये म्हणून दोन भिंतींकडं तोंड करून.

डोळे धुऊन आल्यावर मला न्याय सुचला. सोसायटीत दोन सभासद भांडले की मी दोघांनाही सारखंच देतो, म्हणजे काहीच नाही. तोच मार्ग. पाटीच्या समोरही कुणी नाही, मागंही कुणी नाही. माइकाच्या डाव्या कडेला थोरली, उजव्या कडेला धाकटी, दोघींचं अंतर चारुशीलाच्या लाटण्यानं मोजून सारखं. समोर मशीन घेऊन मी. मागं उंबऱ्यात कोंडाबाई. याला कुणाची हरकत निघेना, आणि सास्तूरला हरकत न निघणं म्हणजे गोष्ट चुकीची असल्याची खूण, हे मी तिथंच ओळखायला हवं होतं.

शांताक्कानं ओळ धरली. महादेवीनं उचलली. अर्धं गाणं होईतो सोप्यात पाय वाजला नाही. मी थांबवलं, रीळ मागं घेतलं आणि अभिमानानं वाजवलं.

पेटीतून पहिल्यांदा आला माझा खाकरा, स्वच्छ, घरंदाज. मग कोंडाबाईच्या सुपातली तूर खळखळली, आणि मग तिचा स्वतःशी चाललेला आवाज, कानाशी बोलल्यासारखा: “बसलाय बगा कसा, गाभन म्हशीवानी.” दोन्ही जावा मात्र उमरग्याच्या पलीकडं कुठंतरी गात असाव्यात, इतक्या लांब आणि पुसट. दोघींना समान न्याय मिळाला होता. दोघीही नव्हत्या.

“आमी गेलो कुठं?” महादेवी घाबरून म्हणाली.

“आन ही कोंडी कशी आली?” शांताक्का म्हणाली. “ही तर मागं हुती.”

कोंडाबाई तूर घेऊन निघून गेली. मी मात्र जागचा हललो नाही. ही बाई मागं होती. मी पुढं होतो. दोघांचा आवाज सारखा. मग मागं ते मागं कसं? मी मशीन चालू केलं आणि “एक, दोन, तीन” म्हणत माइकाभोवती फिरायला लागलो. फिरलो, ऐकलं, पुन्हा फिरलो.

“प्रदक्षिणा झाल्या की नैवेद्यही दाखवा,” चारुशीला आतून म्हणाली.

पण मला उमगलं होतं. या माइकाला पाठ नव्हतीच! पाटीकडं जेवढं ऐकू येतं तेवढंच पाटीमागं. बहिरा तो फक्त दोन्ही कडांना, आणि नेमक्या त्या दोन बहिऱ्या कडांना मी दोन म्हाताऱ्या बसवल्या होत्या. गुरुलिंगला मी जिथं थांबवलं होतं, तिथंच हे वाक्य उभं होतं.

मी जाहीर केलं, “याला दोन्हीकडं तोंड आहे. एक इकडं बसा, एक तिकडं. दोघीही पुढं.”

“पाटी तिच्याकडं हाय,” महादेवी म्हणाली.

मी पाटीचे दोन स्क्रू काढले आणि पाटी खिशात घातली. सास्तूरच्या इतिहासात एखाद्याचं तोंड इतक्या शांतपणानं काढून घेतल्याचं उदाहरण नसेल. त्यावर, पूर्वेला तोंड कुणी करायचं, हा प्रश्न निघाला. मी चटया अशा तिरक्या टाकल्या की कुणाचं तोंड कुठल्या दिशेला आहे हे खुद्द दिशेलाही सांगता येऊ नये. मग मात्र हरकती संपल्या. दोघी बसल्या. मधे दीड-दीड हातावर माइक.

आणि तेव्हा मला दिसलं, की मी त्यांना समोरासमोर बसवलंय.

माइक पेढ्याच्या डब्याएवढा. त्याच्याआड सबंध माणूस लपत नाही. इतकी वर्षं भिंतीपलीकडनं खोकला ओळखणाऱ्या दोघी आता एकमेकींचं तोंड बघत होत्या. महादेवीचे पुढचे दात पडले होते, हे शांताक्काला ठाऊक नसावं. ती बघतच राहिली. शांताक्काची नजर अधू झाली होती. ती डोळे बारीक करून बघत होती, म्हणून महादेवी नकळत पुढं झुकली. मी हातानं खूण केली. शांताक्कानं ओळ धरली.

मला गाण्यातलं कळत नाही. पण ओळ कुठं संपली आणि कुठं सुरू झाली हे कळत नव्हतं, कन्नड कुठं सरली आणि मराठी कुठं लागली तेही नाही. एकीनं टाकलेला श्वास दुसरी घेत होती. अंबादासराव टोपी काढून बसले होते. मशीनवरचा काटा एका लयीत डोलत होता. कडवी सरत गेली. रीळ सरत आलं. शेवटचं कडवं आलं, नावाचं.

नाव घरच्या देवाचं, दोघींनाही ठाऊक; ते घ्यायचा मान मात्र थोरलीचा. शांताक्का थांबली. तिनं माइकाच्या वरून बघितलं आणि पाच-सहा वर्षांत पहिल्यांदा, मांजराला नव्हे, जावेला म्हणाली, “महादेवी, तू घे.”

“न्हाय अक्का. मान तुमचा.”

“चन्नीला कडंवर कुनी वागवली? तू घे.”

“तुमी थोरल्या. म्या न्हाय घेनार.”

“म्या म्हन्ते म्हनून घे.”

“तुमी म्हन्ता म्हनून तर न्हाय घेनार!”

“बघा, बघा मार्तंडराव! मान दिला तरी घेत न्हाय. हिचा हट्ट काय मेला न्हाय अजून!”

“तुमच्याच घरात शिकले!”

मी रिळाकडं बोट दाखवत होतो. दोन्ही हातांनी दाखवत होतो. कुणी बघितलं नाही. टेपचं शेपूट सुटलं आणि फट्ट फट्ट वाजायला लागलं. रिळाचा पहिला हिस्सा पोलीस पाटलाच्या हुद्द्यानं खाल्ला होता, मधला माझ्या खाकऱ्यानं आणि प्रदक्षिणांनी, शेवटचा या भांडणानं. पुन्हा घेऊ म्हणालो, तर गोठ्यातली घरघर बंद पडली. बॅटरी संपली होती. अमावास्या दुसऱ्या दिवशी.

तरीही मी हरलो नाही. “असं करतो,” मी म्हटलं, “आहे ती टेप घेऊन मी सकाळच्या मोटारीनं सोलापूरला जातो. तुम्ही नाव मला सांगा. नावाच्या जागी मी तिथं मशीन थांबवतो आणि पाळण्यापाशी नाव मी म्हणतो.”

दोघींनी माझ्याकडं बघितलं. मग एकमेकींकडं बघितलं.

“मार्तंडराव नाव म्हननार,” शांताक्का म्हणाली.

“त्या आवाजात?” महादेवी म्हणाली.

“मोटार कदी हाय गं सकाळी?”

हे शांताक्कानं मला विचारलं नाही. जावेला विचारलं.

सकाळी दोघी गाठोडी घेऊन स्टँडवर माझ्याआधी हजर. मी मशीन, संपलेली बॅटरी आणि माइक परत करायला निघालो होतो. आता माझं काम तेवढंच उरलं होतं. मोटार आली. दोघी चढल्या आणि तीन माणसांच्या बाकापाशी अडल्या.

“खिडकीला तू बस.”

“न्हाय अक्का, तुमी.”

“तुला मोटार लागते. तू बस.”

“तुमाला वारं पायजे. तुमी बसा.”

मागं माणसं तुंबली. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. मी निश्चय केला, आत घुसलो आणि माइक मांडीवर उभा धरून स्वतः खिडकीत बसलो. मग काय! शांताक्कानं कन्नडमध्ये माझा उद्धार सुरू केला. तिची दमछाक झाली तिथून महादेवीनं मराठीत उचलला. कुठं एक संपते आणि कुठं दुसरी लागते ते कळत नव्हतं. जळकोट गेलं, नळदुर्गचा किल्ला दिसायला लागला, आणि शिव्या कधी विरल्या आणि गाणं कधी लागलं ते मला सांगता यायचं नाही. मोटार खड्ड्यांतून झुलत होती. शेवटचं कडवं आलं. दोघी एकदम थांबल्या, एकमेकींकडं बघितलं, आणि दोघींनी एकाच दमात, एकाच आवाजात नाव घेतलं:

“सिद्राम!”

सगळी मोटार वळून बघायला लागली. महादेवी डोळे पुसत होती. तेवढ्यात मागून पंच वाजवत कंडक्टर आला आणि आमच्या बाकापाशी वाकून म्हणाला,

“तिकिटं तीनच काढलीत. ह्यो सिद्राम कुठं बसलाय?”